डिझाइनचे कमी पगाराचे काम की बिलिंगची मोठी नोकरी?

प्रश्न विचारणारे सत्तावीस वर्षांचे स्थापत्य अभियंता आहेत. नागपुरात पदवी घेऊन गेली चार वर्षे ते धरमपेठेतील एका लहान स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचे डिझाइन करून देणाऱ्या सल्लागाराच्या, कार्यालयात काम करतात आणि महिन्याला ३८,००० रुपये घरी नेतात. आता एका बांधकाम कंपनीने त्यांना चंद्रपूरजवळच्या एका औद्योगिक प्रकल्पावर बिलिंग इंजिनिअर म्हणून, म्हणजे झालेले काम मोजून त्याची बिले तयार करायला, वर्षाला १० लाख २० हजारांचे पॅकेज देऊ केले आहे. वडील एसटीतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचे साडेचार लाख रुपये १४ टक्के व्याजाने अजून फेडायचे आहेत. कार्यालयातले सर म्हणतात, आत्ता पैशामागे लागू नकोस, शिकून घे. घरचे म्हणतात, चालून आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. पुढे स्वतःची कन्सल्टन्सी काढायची इच्छा आहे, तेव्हा पैसा धरावा की शिकणे, असा त्यांचा प्रश्न आहे.

नागपुरात स्ट्रक्चरल डिझाइनचे काम करायला लागून मला जवळजवळ तीस वर्षे झाली, आणि या काळात हाच प्रश्न मी स्वतःला दोनदा व माझ्या कार्यालयातून गेलेल्या मुलामुलींनी मला अनेकदा विचारला आहे. माझे मत आधीच सांगतो. आलेली नोकरी आज ज्या स्वरूपात समोर आहे त्या स्वरूपात घेऊ नका, आणि आहे त्या ठिकाणी ३८ हजारांवर आहे तेच काम करीतही राहू नका. तुमच्यासमोर एका बाजूला पैसा आणि दुसऱ्या बाजूला शिकणे अशी मांडणी झाली आहे, ती मला मुळातच मान्य नाही, कारण तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून नव्या नोकरीत तुम्हाला वाटतो तेवढा पैसा नाही आणि जुन्या नोकरीत सर म्हणतात तेवढे शिकणे उरलेले नाही.

प्रथम पॅकेज उलगडून पाहू. वर्षाच्या आकड्याला बाराने भागून ८५ हजार येतात आणि त्यातून ३८ हजार वजा करून तुम्ही ४७ हजारांचा फरक धरला आहे. परंतु ऑफर लेटरसोबतच्या ज्या तक्त्याचे आकडे तुम्ही दिले आहेत, तो सावकाश वाचला तर वेगळे चित्र दिसते. त्यात दहा टक्के, म्हणजे १ लाख २ हजार रुपये, वर्षअखेरीस कामगिरी पाहून द्यायचे आहेत. ते मिळतीलही, पण त्यांच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरवता येत नाही. मूळ वेतन ५ लाख १० हजार दाखवले आहे, त्यावर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्क्यांप्रमाणे ६१,२०० रुपये होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे साडेचोवीस हजारांची आहे, आणि कायम नोकरीत ती रक्कम हाती पडायला साधारणतः सलग पाच वर्षांची सेवा लागते, जी या प्रकल्पावर होण्याची शक्यता मला कमी वाटते. विम्याचे १२ हजार धरले की पॅकेजमधले जवळजवळ दोन लाख रुपये दरमहाच्या पगारात येतच नाहीत. उरलेल्या सव्वाआठ लाखांच्या आसपासच्या रकमेचे महिन्याला सुमारे ६८,३०० होतात. त्यातून तुमच्या वाट्याचा निधी ५,१०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हाती ६३ हजार पडतात. आयकराची चिंता इथे करू नका, कारण २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही.

म्हणजे फरक ४७ हजारांचा नसून २५ हजारांचा आहे. महिन्यातून दोनदा नागपूरला येणे, तिथले जेवण, खोलीवरचा किरकोळ खर्च असे मी सहा हजार धरतो, तेव्हा तो १९ हजारांवर येतो. कंपनीची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. निधीत दरमहा दोन्ही बाजूंचे मिळून १०,२०० रुपये जमा होतील, त्यातला काही भाग पेन्शन योजनेत जाईल, पण रक्कम तुमच्याच नावाची आहे. वीसपेक्षा कमी माणसांच्या कार्यालयाला निधीचा कायदा सहसा लागू होत नसल्याने तुम्हाला आज त्यातले काहीच मिळत नाही. धरमपेठ, रामदासपेठ, सदर इथल्या बहुतेक लहान कन्सल्टंट कार्यालयांची हीच स्थिती आहे आणि माझे कार्यालयही बरीच वर्षे त्याला अपवाद नव्हते, हे कबूल करतो.

आणखी एक हिशेब लोक करीत नाहीत, तो तासांचा. तुम्ही आज दिवसाला नऊ तास आणि महिन्याला सव्वीस दिवस काम करता, म्हणजे २३४ तास. तासाला १६२ रुपये पडतात. साइटवर सकाळी आठ ते रात्री आठ ही वेळ कागदावर नसली तरी प्रत्यक्षात तीच असते, आणि बिल सादर करायच्या आठवड्यात तीही पुरत नाही. ३१२ तासांना ६३ हजार म्हणजे तासाला २०२ रुपये. तेव्हा तुमच्या वेळेचा भाव पावणेदोनपट किंवा दुप्पट झालेला नसून सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढला आहे. उरलेली वाढ तुम्ही जास्त वेळ विकल्यामुळे आली आहे, आणि तो वेळ तुमच्या संध्याकाळचा, म्हणजे आज तुम्ही ज्या वेळेत ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा सराव करता असे लिहिले आहे, त्या वेळेचा आहे.

आता शिकण्याचा हिशेब. पैशाचा हिशेब आपण रुपया-रुपया लावून करतो आणि शिकण्याच्या बाबतीत मात्र "तिथे खूप शिकायला मिळते" एवढ्या एका वाक्यावर तीन-तीन वर्षे काढतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक कागद घेऊन बसायला सांगतो. गेल्या बारा महिन्यांत आयुष्यात पहिल्यांदाच केले असे कोणते काम होते? कोणता निर्णय तुमचा होता आणि सरांनी तो केवळ तपासला? तुमची कोणती चूक कोणी पकडली आणि ती चूक का होती हे समजावून सांगितले? तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण ज्या कार्यालयात वर्षभर तुमची चूक कोणी पकडली नाही, तिथे एकतर तुम्ही फार हुशार झालेले असता किंवा तुमचे काम कोणी पाहत नसते, आणि पहिली शक्यता फारच कमी असते.

तुम्ही जे वर्णन केले आहे ते या कसोटीवर लावू. पहिली दोन वर्षे चांगली गेली: फूटिंग (कॉलमखालचा पाया), स्लॅब, जिना यांची गणिते हाताने सोडवली, सरांनी लाल पेनाने पाने रंगवली, सळयांचे तक्ते तुम्ही केले. त्यानंतरची दोन वर्षे मात्र पार्किंगवर चार मजले असलेल्या एकाच साच्याच्या इमारती आहेत. मॉडेल वरिष्ठ सहकारी करतात, तुमच्याकडे ड्रॉइंग येते, आणि बीमचा तक्ता आधीच्या कामावरून उचलून मापे बदलली जातात. साइटवर वर्षात चारदा गेलात. माती-परीक्षणाचा अहवाल तुम्ही वाचला आहे का, यावर तुम्ही "तो सरांकडे असतो" असे लिहिले आहे. हे वाचून मला वाईट वाटले, कारण नागपुरात काम करणाऱ्या डिझाइनरचे निम्मे शिक्षण मातीतच आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे गेलात की खडक बदलतो, आणि मध्ये कित्येक वस्त्यांखाली अशी काळी माती आहे की जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. एका प्लॉटवर दीड मीटरवर कठीण मुरूम लागतो आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या प्लॉटवर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले खोल काँक्रीटचे खांब, पायात द्यावे लागतात, हा फरक ज्याने स्वतः अहवाल वाचून, खड्ड्यात उतरून आणि मालकाला वाढीव खर्च पटवून देऊन हाताळला नाही, त्याला चार वर्षांचा अनुभव आहे असे मी म्हणणार नाही. तुमच्याकडे दोन वर्षांचा अनुभव आहे आणि दोन वर्षांची हजेरी आहे.

मग बिलिंगमध्ये शिकायला काहीच नसते का? असते, आणि डिझाइनवाल्यांनी त्या कामाला नाक मुरडू नये. मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची वही, कसे लिहावे, काम चालू असताना निघणाऱ्या रनिंग बिलातून कोणती रक्कम कशी रोखून धरली जाते, जादा बाबीचा दर कसा सिद्ध करावा, करारातल्या कोणत्या कलमाच्या आधारे कोण कोणाला अडवतो, या गोष्टी मला वयाच्या पस्तिशीपर्यंत कळत नव्हत्या आणि त्यापायी माझ्या काही ग्राहकांनी विनाकारण महागडी बांधकामे केली. ज्याला ठेकेदारीत जायचे आहे किंवा करार व्यवस्थापनात नाव काढायचे आहे, त्याने ही नोकरी आज घ्यावी असेच मी सांगितले असते. पण तुम्हाला स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी काढायची आहे. महानगरपालिकेकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंदणी करताना जो अनुभव दाखवावा लागतो तो स्ट्रक्चरल कामाचा असतो; बिलिंगची तीन वर्षे तिथे उपयोगी पडत नाहीत. आणि बाजाराची रीत अशी की, तीन वर्षांनी तुमचा बायोडाटा पाहणारा माणूस शेवटच्या नोकरीचे पदनाम वाचतो. तिथे बिलिंग इंजिनिअर लिहिलेले असले की त्याच्याकडून येणारी पुढची नोकरीही बिलिंगचीच असते, फक्त पगार आणखी थोडा मोठा असतो, आणि त्यामुळे तो नाकारणे आणखी थोडे अवघड झालेले असते.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण मी एकदा पैसा निवडला होता. १९९६ साली मी एका डिझाइन कार्यालयात २,२०० रुपयांवर लागलो, तेव्हा आम्ही आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेची १९७८ ची आवृत्ती वापरत होतो आणि घराच्या कामाला एम १५ ताकदीचे काँक्रीट सर्रास चालत असे. २००१ च्या जूनमध्ये लग्न ठरलेले होते, घर भाड्याचे होते, आणि सळया विकणाऱ्या एका कंपनीने मला विदर्भातल्या ठेकेदारांना भेटायचे काम, त्या काळी अडीचपट वाटणारा पगार आणि वर गाडी देऊ केली. मी गेलो. दोन वर्षांत बेसा भागात प्लॉट घेण्याइतके पैसे जमले, आणि हे खोटे बोलण्यात अर्थ नाही की ते पैसे नसते तर मी पुढे स्वतःचे कार्यालय काढण्याची हिंमत केली असती. शिवाय गोंदियापासून वाशीमपर्यंतचे कितीतरी ठेकेदार मला नावाने ओळखू लागले आणि त्यांतलेच काही पुढे माझे पहिले ग्राहक झाले. हा लाभ मी जाताना मोजलाच नव्हता.

परंतु नेमक्या त्या दोन वर्षांत आमच्या धंद्याची जमीन सरकली. आयएस ४५६ ची २००० ची आवृत्ती आली होती, तिने प्रबलित, म्हणजे सळया घातलेल्या, काँक्रीटसाठी किमान एम २० ठरवले होते आणि टिकाऊपणाचे सगळे प्रकरण नव्याने लिहिले होते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपानंतर सगळ्यांचे लक्ष आडव्या बलांकडे वळले, आणि २००२ मध्ये आयएस १८९३ या भूकंपविषयक संहितेची नवी आवृत्ती येऊन देशाची पाचाऐवजी चार भूकंप-क्षेत्रे झाली. १९९३ साली किल्लारीला ३० सप्टेंबरच्या पहाटे जे घडले ते तेव्हाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या क्षेत्रात घडले होते. ते क्षेत्रच आता नकाशावरून गेले. माझे जुने सहकारी रोज संध्याकाळी हे सगळे चर्चा करून, उदाहरणे सोडवून आत्मसात करीत होते तेव्हा मी अमरावतीच्या हॉटेलात विक्रीचे तक्ते भरत होतो. २००३ मध्ये परत आलो तेव्हा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलाच्या शेजारी बसून मला डक्टाइल डिटेलिंगमधल्या, म्हणजे भूकंपात सांगाडा एकदम न तुटता वाकावा अशा सळयांच्या मांडणीतल्या, रिंगांचे अंतर पहिल्यापासून शिकावे लागले, आणि पगार गेलो तेव्हाच्यापेक्षा जेमतेम हजाराने जास्त होता. तो मुलगा फार समजूतदार होता, म्हणून निभावले. मी गेलो याचा मला पश्चात्ताप नाही, पण एक गोष्ट मी चुकीची केली: किती रुपये जमले की परतायचे, हे मी ठरवले नव्हते. प्लॉटचे पैसे चौदा महिन्यांतच जमले होते. पुढचे दहा महिने मी केवळ गाडीची सवय झाली म्हणून तिथे राहिलो.

याच्या उलट उदाहरण माझ्या एका वर्गमित्राचे आहे, आणि तुमच्या सरांचे वाक्य वाचल्यावर मला तोच आठवला. तो एका नामांकित कार्यालयात अकरा वर्षे राहिला. सर विद्वान होते, शिकवत मनापासून, आणि पगार वाढवण्याचा विषय निघाला की "तुला इथे जे मिळते ते पैशात मोजता येणार नाही" असे म्हणत. मोजता येत नव्हते हे खरे, म्हणून ते कोणी मोजलेच नाही. मोठमोठ्या पाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांच्या शेड त्याने केल्या, पण ड्रॉइंगवर सही सरांची, बैठकीला सर, ग्राहकाचा फोन सरांना. सर थकले आणि कार्यालय बंद झाले त्या वर्षी माझ्या मित्राजवळ ज्ञान भरपूर होते, परंतु त्याला ओळखणारा एकही ग्राहक नव्हता आणि मागच्या पगारावर वीस-तीस टक्के चढवून देणाऱ्या बाजारात त्याचा मागचा पगारच इतका कमी होता की चाळिशीत त्याला तिशीतल्या माणसाच्या भावाने जावे लागले. कमी पगारात राहण्याची ही छुपी किंमत आहे. ३८ हजार दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढले तर पाच वर्षांनी ६१ हजार होतात. आजच ५० हजार झाले तर त्याच वेगाने ८० हजार. शिकवणाऱ्या माणसाविषयी कृतज्ञ असावे, पण शिकवणे हा पगाराचा पर्याय आहे असे जो मालक म्हणतो, त्याला काय शिकवणार आणि कधीपर्यंत, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मी स्वतः मालक आहे आणि हा प्रश्न मला कोणी विचारला की माझी पंचाईत होते, म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे.

कर्जाकडे येतो. गरजा दोन प्रकारच्या असतात: ज्यांना तारीख असते आणि ज्यांना नसते. मोठे घर, गाडी, बहिणीच्या लग्नात चार गोष्टी जास्त, यांना तारीख नाही. पतसंस्थेच्या हप्त्याला तारीख आहे, वडिलांच्या औषधांना आहे, आणि एसटीच्या निवृत्तांना मिळणारे पेन्शन किती तुटपुंजे असते हे नागपुरात कोणाला सांगायला नको. तारखेच्या गरजा भागत नसतील तर शिकण्याच्या गप्पा कोणी करू नयेत. साडेचार लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १५,४०० रुपये येतो, म्हणजे आजच्या पगारातून तीन माणसांच्या घरासाठी साडेबावीस हजार उरतात. ही ओढाताण खरी आहे. नव्या नोकरीतून दरमहा दहा हजार जादा भरले तर तेच कर्ज वीस महिन्यांत फिटते; मात्र यामुळे व्याजाचे जे पैसे वाचतात ते एकूण ४६-४७ हजारच आहेत. तुम्ही कर्ज लवकर फिटावे म्हणून चंद्रपूरला जाणार असाल तर एवढ्याच रकमेसाठी जात आहात. त्याआधी एक साधी गोष्ट करा. आईचे दागिने कपाटात असतील आणि तिची हरकत नसेल, तर राष्ट्रीयीकृत बँकेतल्या सोनेतारण कर्जाचा दर विचारून या; पतसंस्थेच्या कर्जापेक्षा तो बहुधा कमी असतो. पतसंस्थेत मुदतीआधी फेडीचा आकार किती लागतो तेही लेखी विचारा. दोन-तीन टक्के जरी कमी झाले तरी हप्ता हलका होतो. आपल्याकडे दागिने मोडण्याला आणि गहाण ठेवण्याला सारखेच कमीपणाचे समजतात, पण गहाण ठेवलेला दागिना परत येतो.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते. ऑफरला उत्तर द्यायला दहा दिवस आहेत, तेवढे पुरेत. सरांशी बोलताना नवी ऑफर टेबलावर आपटू नका आणि लपवूही नका. अशी आली आहे, माझा कल इथेच राहण्याचा आहे, पण या अटींवर राहू शकत नाही, एवढे शांतपणे सांगा. पगार ५० हजार मागा. चार वर्षांच्या डिझाइन इंजिनिअरसाठी नागपुरात ही मागणी अवाजवी नाही, आणि तुम्ही सोडून गेलात तर तुमच्या जागी नवा मुलगा तयार करायला सरांना वर्ष लागेल हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले कळते. पगारासोबत तीन गोष्टी मागा आणि त्या पगारापेक्षा जास्त चिकाटीने मागा: पुढच्या दोन इमारतींचे मॉडेल माती-अहवालापासून पायापर्यंत तुम्ही करायचे, महिन्यातून किमान चार वेळा साइटवर सळई तपासायला जायचे, आणि आर्किटेक्टसोबतच्या बैठकीत बसायचे. मे महिन्याच्या उन्हात स्लॅब टाकताना काँक्रीट किती लवकर घट्ट होते आणि बीम-कॉलमच्या जोडावर आपण कागदावर सहज दाखवलेल्या आठ सळया बसवताना फिटर काय शब्द वापरतो, हे कानांनी ऐकल्याशिवाय डिटेलिंग सुधारत नाही. सरांनी पगार ४५ केला आणि या तिन्ही गोष्टी मान्य केल्या तर मी राहीन. पगार ५५ केला आणि काम तेच ठेवले, तर सहा महिन्यांत दुसरीकडे डिझाइनचे काम शोधीन.

कंपनीलाही नुसते नाही म्हणू नका. प्रकल्प औद्योगिक आहे, म्हणजे तिथे पोलादी शेड, यंत्रांचे पाये, कदाचित मोठ्या टाक्या असतील; तुमच्या कार्यालयात यांतले काहीच येत नाही. बिलिंगऐवजी तिथल्या तांत्रिक कक्षात, म्हणजे ड्रॉइंग तपासणे, बदलांची डिझाइने सल्लागाराशी बोलून सोडवणे आणि तात्पुरत्या आधाररचना ठरवणे या कामावर घ्याल का, असे विचारा. पोलादाच्या डिझाइनची २००७ ची आयएस ८०० संहिता तुम्ही कॉलेजनंतर उघडली नसेल, ती तिथे रोज उघडावी लागेल. अशा जागेसाठी कंपनीने ६३ ऐवजी ५५ हजार हाती दिले तरी मी माझे मत बदलीन आणि तुम्ही चंद्रपूरला जावे असे सांगेन, फक्त जाण्याआधी परतायचा महिना डायरीत लिहून ठेवा आणि तो आईला दाखवून ठेवा. आई विसरत नाही. लग्नाच्या स्थळांचा विषय तुम्ही ओझरता काढला आहे, त्यावर एवढेच की "मुलगा साइटवर राहते का?" हा प्रश्न आमच्या वेळीही विचारत आणि त्यामुळे कोणाचे लग्न राहिल्याचे मला आठवत नाही.

एम.टेक. करावे का, हेही विचारले आहे. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेत प्रवेश मिळाला तर दोन वर्षे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. कर्ज असताना ते पुरणारे नाही. कर्ज निम्म्यावर आल्यावर हा विचार करा, आणि तोपर्यंत डिझाइनचे काम हातात असेल तर प्रवेशानंतर त्या वर्गात तुम्ही इतरांपेक्षा पुढे असाल.

सर पगार आणि काम या दोन्ही गोष्टींना नाही म्हणाले आणि कंपनीनेही बिलिंगच देऊ केले, असे झाले तर तिसरा मार्ग शोधावा लागेल. नागपूर आणि पुण्यातील मध्यम आकाराच्या, पंधरा-वीस डिझाइनर असलेल्या कार्यालयांना थेट लिहा. मुलाखतीला जाताना अपार्टमेंटच्या तीस ड्रॉइंगची थप्पी नेऊ नका. पहिल्या दोन वर्षांतले, सरांच्या लाल पेनाच्या खुणा असलेले हस्तलिखित कॅल्क्युलेशन कार्यालयाची परवानगी घेऊन, मालकाचे नाव झाकून सोबत न्या, आणि त्यातली कोणती चूक का झाली होती हे विचारण्याआधीच सांगा. मी तरी समोर असा उमेदवार आला तर पगाराचे बोलणे त्यानंतरच काढतो.